मुद्देमालाचं काय करायचं

सत्र न्यायालयाच्या निकालपत्राचं शेवटचं पान सहसा कुणी नीट वाचत नाही. वकील शिक्षा की सुटका एवढं बघून फाइल मिटतात, पत्रकारांना तेवढंच हवं असतं, आणि आरोपीला तर ते वाचावंही लागत नाही. शेजारी उभ्या हवालदाराचा चेहरा बघूनच त्याला काय ते कळतं. मी स्टेनो होते. निकाल लिहून घ्यायचे आणि टाइप करायचे यातच नोकरी सरली, त्यामुळे ते पान माझ्या बोटांना पाठ आहे. आरोपीला अमुक कलमाखालच्या गुन्ह्यातून निर्दोष मुक्त करण्यात येत आहे. अन्य गुन्ह्यात तो नको असल्यास त्याला ताबडतोब सोडावे. आणि मग मुद्देमाल. इथे साहेब सावकाश सांगायचे, कारण इथली चूक पुढे कुणाच्या तरी अंगावर येते. कोयता सरकारजमा. रक्ताचे डाग असलेला शर्ट, लेंगा, मातीचे नमुने निरुपयोगी म्हणून अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत. मोटारसायकल ज्याच्या ताब्यात सुपुर्तनाम्यावर दिली आहे त्याच्याकडेच कायम ठेवावी. रोख रक्कम मूळ मालकाला परत.

प्रत्येक वस्तू कुणाकडे जाणार आणि कधी जाणार, हे त्यात असतं. माणसाबद्दल मात्र ‘सोडावे’ एवढंच. जो माणूस चार-पाच वर्षं कच्चा कैदी म्हणून आत होता, त्याचं घर आता कुठे आहे, शेत कुणाच्या नावावर आहे, बायको नांदते आहे की माहेरी गेली, यातलं काहीही त्या कागदाला माहीत नसतं, आणि ते विचारण्याची तरतूदही कुठे नाही. नोकरीत असताना हे मला खटकलं नव्हतं असं नाही. पण खटकण्याचा पगार मिळत नव्हता. एक निकाल संपला की पुढच्याचं डिक्टेशन सुरू व्हायचं.

निवृत्तीनंतर सवय सुटेना म्हणून मी वरच्या कोर्टांचे निकाल मोबाइलवर वाचायला लागले. घरातले म्हणतात, बाकीच्या बायका मालिका बघतात, तू ही बघतेस. त्यातला एक निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. तो आपल्या नाशिकचा.

5 जून 2003 ची रात्र. नाशिकजवळ शेतात राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बायका-मुलींवर अत्याचार झाले. घरातली बाई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत कसेबसे वाचले. अशी घटना घडली की पोलिसांवर दबाव येतो, तो येणारच. आरोपी हवेत आणि लवकर हवेत. सहा जण पकडले गेले. भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने सहाच्या सहा जण फासावर जावेत असं म्हटलं. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर सिद्ध झालं.

फेरविचार याचिका फेटाळली गेली. त्या काळी अशा याचिका न्यायाधीश आपल्या दालनात कागद बघून निकाली काढत. वकिलाला उभं राहून बोलता येत नसे. 2014 मध्ये वेगळ्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका खुल्या कोर्टात ऐकली पाहिजे. त्या एका निर्णयामुळे या सहा जणांची फाइल परत उघडली. तोवर काही कारणाने अंमलबजावणी झाली असती, तर फाइल बंदच राहिली असती. 2018 मध्ये कोर्टाने आपलाच 2009 चा निकाल मागे घेतला आणि 5 मार्च 2019 ला न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

या निकालातली एक गोष्ट वाचताना मी चष्मा काढून डोळे पुसले आणि परत वाचलं. रडू आलं म्हणून नाही, खरंच नीट वाचलं का ते बघायला. वाचलेल्या त्या बाईला घटनेनंतर दोनच दिवसांनी इस्पितळात पोलिसांकडचे फोटो दाखवले गेले होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर. त्या फोटोंमधून तिने चार माणसं ओळखली. त्या चौघांत या सहांपैकी एकही नव्हता. आणि त्या चौघांचा तपास कुणी केलाच नाही. पुढे सहा जण पकडल्यावर ओळख परेड झाली, त्यात तिने यांना ओळखलं, आणि खटला त्याच परेडवर पुढे गेला.

मी कोर्टात ओळख परेडचे कितीतरी पुरावे टाइप केले आहेत. डमी किती उभे केले, कपडे सारखे होते का, त्याआधी आरोपीला साक्षीदाराने पाहिलं होतं का. बचावाचा वकील तेच तेच विचारतो आणि साक्षीदार कंटाळून ‘हे म्हणणे खरे नाही’ म्हणतो. ज्या बाईच्या डोळ्यांदेखत घरातली माणसं गेली, ती महिनाभराने रांगेत उभ्या माणसांकडे बघते, बाजूला पोलीस असतात, आणि पोलिसांनी पकडलंय म्हणजे हेच असणार असं तिला वाटतं. यात तिला काय दोष द्यायचा? तिने पहिल्यांदा सांगितलं होतं ते नोंदवलेलं होतं. कागद फाइलमध्ये होता. तो तीन कोर्टांच्या नजरेखालून गेला.

कोर्टाने 2019 मध्ये त्या चौघांचा पुढे तपास करा असाही आदेश दिला. सोळा वर्षांनी. चुकीच्या शिक्षेबद्दल बोलताना आपण आत बसलेल्या माणसाचा विचार करतो, तो करायलाच हवा, पण त्या बाईचं काय झालं? इतकी वर्षं तिला वाटलं की न्याय झाला. मग एक दिवस तिला कळलं असेल की ज्यांना फाशी झाली ते नव्हतेच, आणि जे होते ते या सोळा वर्षांत कुठे होते ते कुणी पाहिलंच नाही. ‘शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील पण एका निरपराधाला शिक्षा होता कामा नये’ हे आपल्याकडे सिनेमामुळे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्यात एक गफलत आहे. निरपराधाला शिक्षा झाली की गुन्हेगार आपोआप सुटलेलाच असतो. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात.

आणि हेच सहा जण का, हा प्रश्न निकालाने टाळला नाही, हे मला विशेष वाटलं. गंभीर गुन्ह्यांत असे गरीब, भटक्या जमातींतले लोक नाहक गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाचं कोर्टाने लिहिलं. हे आपल्याला नवीन नाही. 1871 मध्ये इंग्रजांनी कायदा करून जमातींच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलीस ठाण्यातल्या मनातली यादी तशीच राहिली. आमच्या कोर्टात पारध्याचा पोरगा आरोपीच्या पिंजऱ्यात आला की बाहेर पॅसेजमध्ये चहा पिताना कुणीतरी म्हणायचंच, ‘अहो, ह्यांचा धंदाच तो.’ म्हणणारा वाईट माणूस नसायचा. पंढरीची वारी करणाराही असायचा.

निकालात एक आणखी गोष्ट होती. पुनर्वसनासाठी प्रत्येकाला राज्य शासनाने 5 लाख रुपये द्यावेत. वाचून बरं वाटलं, कारण आपल्याकडे एवढंही क्वचित घडतं. मग पेन्सिल घेऊन हिशेब केला, ही सवय ऑफिसची. सोळा वर्षांचे 5 लाख, म्हणजे दिवसाला साधारण 85 रुपये. त्या वर्षी रोजगार हमीवर दगड फोडणाऱ्याला दिवसाला दोनशेच्या वर मिळत होते. आणि या 85 रुपयांत फाशी यार्डातल्या रात्री आल्या, रोज पहाटे आज आपला नंबर आहे का हे ऐकत पडणं आलं, एकांतकोठडी आली. फाशीच्या कैद्याला संचित रजा (फर्लो) नाही, अभिवचन रजा (पॅरोल) नाही. आई गेली तर गेली.

पैशाचा हा प्रश्न आपल्याकडे एका माणसामुळे पहिल्यांदा कोर्टासमोर नीट आला. रुदुल साह, बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या तुरुंगातला. बायकोच्या खुनाच्या आरोपावरून 1953 मध्ये अटक झाली. 3 जून 1968 ला कोर्टाने निर्दोष सोडलं. तो बाहेर आला 16 ऑक्टोबर 1982 ला. मधली चौदा वर्षं निर्दोष सुटलेला माणूस तुरुंगातच होता. सरकारने सांगितलं, त्याला वेड लागलं होतं म्हणून ठेवला. कोर्टाला ते पटलं नाही, आणि समजा वेड लागलंच असेल तरी ते कशाने लागलं हा प्रश्न उरतोच. 1983 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने बिहार सरकारला 35 हजार रुपये द्यायला लावले. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने थेट भरपाई द्यायला लावल्याचं हे पहिलं मोठं उदाहरण, म्हणून कायद्याच्या मुलांना ते अभ्यासाला असतं. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

त्यानंतर भरपाई मिळते ती मिळाली तर मिळाली या हिशेबाने. अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, त्यात फाशीची शिक्षा झालेलेही होते. निकालात तपासावर कडक ताशेरे होते. पण त्यांनी भरपाई मागितली तेव्हा 2016 मध्ये ती नाकारली गेली. असा पायंडा पडला तर सुटलेला प्रत्येक जण भरपाई मागेल, अशी भीती. भीती खरी असेलही. पण मग प्रश्न असा की सुटलेल्यांची संख्या इतकी मोठी आहे हे कुणाला माहीत होतं म्हणून ही भीती वाटली?

आमच्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक कलम होतं, 358. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून, ज्याला अटक झाली त्याला भरपाई देववता येई. जास्तीत जास्त 1000 रुपये. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 399 क्रमांकाचं झालं, रक्कम तीच राहिली. 2018 च्या ऑगस्टमध्ये विधी आयोगाने आपल्या 277 व्या अहवालात या सगळ्यावर सविस्तर लिहिलं. चुकीच्या खटल्यांत अडकवलेल्यांसाठी कायद्याने भरपाई असावी, ती ठरवायला विशेष न्यायालयं असावीत, पैशांखेरीज समुपदेशन, कामाचं शिक्षण, नोकरीतले अडथळे दूर करणं हेही असावं. चांगला अहवाल आहे. मग 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, कलमांचे आकडे बदलले, आमच्या जुन्या सहकाऱ्यांना नव्याने पाठांतर करावं लागलं, आणि हा भाग काही त्यात आला नाही. 2025 च्या जुलैत फाशीच्या एका कैद्याला सोडताना सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा म्हणावं लागलं की यावर संसदेने विचार करावा.

त्याच जुलै महिन्यात आपल्याकडेही एक निकाल लागला. मुंबईत लोकलने जाणाऱ्या माणसाला 11 जुलै 2006 आठवत नाही असं होत नाही. संध्याकाळची गर्दी, पश्चिम रेल्वे, पहिल्या वर्गाचे डबे, काही मिनिटांत सात स्फोट, 180 च्या वर बळी. माझी मावसबहीण त्या दिवशी लेडीज डब्यात होती, ती रात्री अकराला चालत घरी आली आणि महिनाभर बोललीच नाही. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने तेरापैकी बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशीची शिक्षा दिली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. एक जण तोवर नागपूरच्या तुरुंगात कोविडने गेलेला. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये. सुटलेल्यांना मात्र परत आत घातलं नाही. शासनाचं अपील तिथे आहे. म्हणजे घरी आलेत, जेवतायत, नातवंडांची नावं पाठ करतायत, आणि डोक्यावर तारीख आहेच.

त्या तेरातला तेरावा, अब्दुल वाहिद शेख, 2015 मध्येच खालच्या कोर्टातून सुटला होता. शाळेत शिकवणारा माणूस. नऊ वर्षं आत. आत असतानाच त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि बाहेर आल्यावर उरलेल्या बारा जणांसाठी बोलत राहिला. अशी माणसं वर्तमानपत्रात येतात आणि आपल्याला बरं वाटतं, की बघा, जिद्द असली की होतं. मला अशा कौतुकाची थोडी धास्ती वाटते. नऊ वर्षं आत काढून पुन्हा शिकणं ही एका माणसाची ताकद झाली. ती सगळ्यांकडून अपेक्षित धरली की बाकीच्यांचं खचणं हा त्यांचाच आळस ठरतो.

जपानमधला इवाओ हाकामाता याचं उदाहरण या बाबतीत डोळ्यांत भरतं. मुष्टियोद्धा होता, नंतर मिसो बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. 1966 मध्ये मालकाच्या कुटुंबातल्या चौघांच्या खुनाच्या आरोपावरून अटक, 1968 मध्ये फाशी. पुरावा काय, तर वर्षभरानंतर मिसोच्या हौदात सापडलेले रक्ताचे कपडे. त्यातली पँट त्याला घालून बघितली तर वर चढेना. तरी शिक्षा कायम. 2014 मध्ये तो बाहेर आला आणि 26 सप्टेंबर 2024 ला, 88 व्या वर्षी, निर्दोष ठरला. तो पुरावा तपास यंत्रणेने रचलेला होता असं कोर्टाने म्हटलं. त्यानंतर तिथल्या पोलीसप्रमुखाने त्याच्या घरी जाऊन, कमरेत वाकून माफी मागितली. कायद्याने दिवसाला ठरलेल्या कमाल दराने, 12,500 येन, अशी 21 कोटी 70 लाख येनहून अधिक भरपाई मिळाली. आपल्याकडे यातलं काहीच नाही म्हणून हेवा वाटला. पण पुढे वाचलं की इतकी वर्षं फाशीची वाट बघून त्याचं मन वास्तवातून निघून गेलेलं आहे. माफी मागायला आलेल्या माणसाशी जे काही बोलायचं ते बहुतांशी त्याच्या थोरल्या बहिणीने, हिदेकोने बोललं. ती तेव्हा 91 वर्षांची होती. तिने सगळं आयुष्य या एका खटल्यात घातलं, लग्न केलं नाही. भरपाईच्या तक्त्यात तिचा रकाना नाही.

आपल्याकडे अशा हिदेको गावोगाव असतात. तुरुंगाच्या मुलाखतीच्या रांगेत पहाटेपासून बसलेल्या बायका बघाव्यात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात बनियन, अंगाचा साबण, ओळखपत्राची झेरॉक्स. झेरॉक्स विसरली की एसटीचं भाडं वाया.

आमच्या तालुक्यातला एक जण मला अधूनमधून भेटायला येतो. त्याचं नाव लिहीत नाही, ते एकदा छापून आलंय तेवढं त्याला पुरे आहे. बांधावरून भांडण, शेजारच्या शेतकऱ्याचा खून, संशय याच्यावर. जामीन झाला नाही. पाच वर्षं आत. देशातल्या तुरुंगांत दर चारांतले तीन असेच कच्चे कैदी असतात, त्यामुळे याच्या पाच वर्षांची कुठे बातमी नाही. वकिलापायी एकर जमीन गेली, एक बैलजोडी गेली. खटल्यात पंच फितूर नव्हते, ते मुळात पंचनाम्याच्या जागी नव्हतेच, हे उलटतपासणीत निघालं. साहेबांनी निर्दोष सोडलं. निकाल मीच टाइप केला होता.

निकालाच्या दिवशी काय झालं ते मात्र मी विसरणार नाही. सुटका झाली तरी वरच्या कोर्टात बोलावलं तर हजर राहीन म्हणून सहा महिन्यांसाठी जामीन द्यावा लागतो, जुन्या संहितेत 2009 च्या शेवटी तसं कलम आलं, 437-अ. जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा. याच्या बाजूने त्या दिवशी गावातून कोणी आलंच नव्हतं, भाऊसुद्धा. निर्दोष ठरलेला माणूस व्हरांड्यातल्या बाकावर हवालदाराच्या शेजारी बसून राहिला. पाच वाजले, कर्मचारी खुर्च्या सरकवायला लागले. शेवटी साहेबांनी जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, भागवलं. सह्या करताना तो मला म्हणाला, ‘बाई, मी सुटलो ना नक्की?’ मी म्हटलं, ‘सुटलात. इथे सही करा.’

पुढची वर्षं त्याच्याकडून तुकड्यातुकड्याने कळली. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं, ते चढवायला तहसील कार्यालयाच्या फेऱ्या. बँकेचं खातं बंद पडलेलं. आत गेला तेव्हा त्याच्याकडे आधार कार्ड नव्हतं. देशातलं पहिलं आधार 2010 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, पण याच्या वाडीवर ते शिबिर पोचलं तेव्हा हा आत होता. आता आधारशिवाय सोसायटीचं कर्ज नाही, पीकविमा नाही. आधार काढायला पत्त्याचा पुरावा हवा आणि पत्त्याचा पुरावा म्हणजे ते रेशनकार्ड. बायको माहेरी गेली होती ती पोरांसाठी परत आली. मोठ्या मुलीची दोन ठिकाणची सोयरीक बोलणीतच मोडली. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, फक्त निरोप आले नाहीत.

सगळ्यात अवघड गोष्ट त्याने एकदाच सांगितली. मेलेल्याची बायको बांधापलीकडेच राहते. तिच्या दृष्टीने याने खून केलाय आणि कोर्टाने सोडलाय. याच्या दृष्टीने खरा माणूस याच पंचक्रोशीत आहे आणि तो कोण हे पोलिसांनी पुन्हा पाहिलंच नाही, कारण त्यांच्या लेखी केस संपली. दोघांची मोटर एकाच डीपीवर आहे. लाइट येते रात्री, मग पाणी द्यायला दोघंही रात्रीच शेतात असतात, बॅटरी घेऊन. एकमेकांशी बोलत नाहीत. ‘तिचं काय चुकतं?’ तो म्हणाला. ‘तिला कुणी येऊन सांगितलंच नाही, निकालात काय लिहिलंय. मलाच वाचून दाखवायला पाहिजे होतं, पण मी कसा जाऊ?’

मी विचारलं, मी जाऊ का? तो नको म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. मी अजून गेलेली नाही.

गणपती आले, निवडणूक आली की पोलीस ठाण्यातून प्रतिबंधक कारवाईची नोटीस येते, कारण तिथल्या रजिस्टरला नाव आहे. तो निकालाची नक्कल घेऊन जातो. हवालदार म्हणतो, ‘सुटलास ते ठीक आहे, पण नाव काढायचा आदेश आहे का यात?’ नाही, तसा आदेश नाही. मी टाइप केलेलं शेवटचं पान मला आठवतं, त्यात कोयत्याचा आदेश आहे.

मागच्या महिन्यात तो आला तो वेगळ्याच कामासाठी. धाकटा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे उठून कॉलेजच्या मैदानावर सोळाशे मीटर धावतो, गोळाफेक करतो. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘मी नाही म्हटलं नाही बाई. त्याला सरकारी नोकरी पाहिजे, आणि भरती त्याचीच निघती.’ विचारायचं होतं ते एवढंच, की चारित्र्य पडताळणीत बापाची केस आड येईल का. मी सांगितलं की पडताळणी उमेदवाराची होते, वडिलांची नाही, पण विचारलंच तर हाताशी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल असू द्यावी. नकलेच्या अर्जावर किती प्रती लिहू, त्याने विचारलं. दोन पुरेत म्हटलं.

त्याने चार लिहिल्या.